ईपरच्या मेनिन गेटवर रोज रात्री आठला: 'लास्ट पोस्ट'ला जाणाऱ्यांसाठी

बिगुल वाजायला लागला की माझ्याशी बोलू नकोस, असं बाबांनी मला स्टेशनवरून चालत येतानाच बजावलं होतं. ते खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या पूल बांधणाऱ्या, खंदक खणणाऱ्या दलातून, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. 'लास्ट पोस्ट'ची धून, लष्करी अंत्यसंस्काराला बिगुलावर वाजते ती, त्यांनी नोकरीत कितीतरी वेळा ऐकलेली. तरी बेल्जियममधल्या त्या कमानीखाली ती सुरू झाली तेव्हा सत्तरीतले बाबा सावधानमध्ये उभे राहिले ते शेवटपर्यंत हलले नाहीत. बोटं पॅन्टच्या शिवणीला चिकटलेली, नजर समोर. आणि समोर बिगुल वाजवणारे लोक फौजी नव्हतेच. ते गावच्या अग्निशमन दलाच्या गणवेशात होते.

ईपर हे बेल्जियमच्या पश्चिम टोकाचं छोटं शहर. पहिल्या महायुद्धात चार वर्षं त्याच्याभोवती लढाई चालू होती आणि शेवटी गावात धड उभी भिंत उरली नव्हती. सैनिक ज्या रस्त्याने आघाडीवर जायचे तिथे, गावाच्या पूर्वेच्या वेशीवर, युद्धानंतर मेनिन गेट हे कमानीचं स्मारक बांधलं. रेजिनाल्ड ब्लूमफील्ड यांनी ते आखलं आणि २४ जुलै १९२७ रोजी फील्ड मार्शल प्लमर यांनी त्याचं अनावरण केलं. ज्यांचे देह सापडले नाहीत किंवा ओळखता आले नाहीत अशा ५४,००० हून अधिक सैनिकांची नावं त्याच्या भिंतींवर कोरलेली आहेत. त्यांत ४०० हून अधिक हिंदुस्थानी फौजेतले आहेत. अनावरणाच्या भाषणात प्लमर अशा बेपत्ता सैनिकाबद्दल म्हणाले होते की तो हरवलेला नाही, तो इथे आहे.

पुढच्या वर्षी, २ जुलै १९२८ पासून, गावकऱ्यांनी रोज संध्याकाळी तिथे बिगुल वाजवायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी गाव घेतलं तेव्हा हे वादन इंग्लंडमध्ये ब्रुकवुडच्या लष्करी दफनभूमीत होत राहिलं. ६ सप्टेंबर १९४४ ला पोलिश फौजेने ईपर सोडवलं आणि त्याच संध्याकाळी बिगुल परत कमानीखाली आला. ९ जुलै २०१५ ला हा समारंभ ३०,००० व्यांदा झाला. कोविडच्या काळात प्रेक्षक नव्हते, पण एकटा बिगुलर येऊन वाजवून जायचा.

मी नेदरलँड्समध्ये राहते. आतापर्यंत चार वेळा तिथे गेले आहे: एकदा नवऱ्याबरोबर, एकदा आईबाबांना घेऊन, दोनदा भारतातून आलेल्या पाहुण्यांबरोबर. पहिल्या वेळी आम्ही आठला पाच मिनिटं असताना धावत पोचलो, एका शाळेच्या सहलीच्या मागे उभे राहिलो, उंच मुलांच्या पाठी पाहिल्या आणि परत आलो. वाईट वाटलं ते दिसलं नाही म्हणून नव्हे. तिथे आम्ही कुणासाठी उभे होतो तेच आम्हाला माहीत नव्हतं. बाबांबरोबर गेले तेव्हा हे सगळं बदललं, कारण बाबा एक नाव घेऊन आले होते. म्हणून मी पहिल्यांदा त्याबद्दल लिहिते, गाडीचं आणि मुक्कामाचं नंतर.

निघण्याआधी एक नाव शोधा

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही संस्था या कमानीची आणि जगभरच्या अशा दफनभूमींची देखभाल करते. खडकीच्या युद्ध दफनभूमीचीही तीच करते. तिच्या वेबसाइटवर मृत सैनिकांची यादी फुकट शोधता येते. तिथे महायुद्ध पहिलं निवडा, सैन्य हिंदुस्थानी निवडा आणि स्मारकाचं नाव म्हणून मेनिन गेट टाका. यादी समोर येते. प्रत्येक नोंदीत हुद्दा, नंबर, पलटण, मृत्यूची तारीख आणि भिंतीवरच्या फलकाचा क्रमांक असतो. हा क्रमांक लिहून घ्या, त्याशिवाय तिथे नाव सापडणं अवघड आहे.

आपल्या भागातला माणूस शोधायचा असेल तर सविस्तर शोधात जादा माहितीचा एक रकाना आहे. कितीतरी हिंदुस्थानी सैनिकांच्या नोंदीत बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला आहे. त्या रकान्यात जिल्हा इंग्रजीत टाकून बघा, पण जुन्या स्पेलिंगने. पुण्याचं तेव्हाचं इंग्रजी नाव पूना, आजच्या रायगडचं कुलाबा, सोलापूरचं शोलापूर. माणसांची नावं तर गोऱ्या कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत. शिंदेचं सिंदे झालेलं असू शकतं आणि पुष्कळदा आडनाव नसतंच, नुसतं महादू किंवा पांडू असतं. एका स्पेलिंगने काही निघालं नाही म्हणून सोडून देऊ नका. आम्ही तीन संध्याकाळी बसलो होतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर नंतर हिरमोड होतो. मराठा पायदळाच्या पलटणी, म्हणजे १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७, या फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर नव्हत्या, त्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. तुमचे पणजोबा मराठा पलटणीत होते असं घरात सांगत असतील तर त्यांचं नाव ईपरला सापडणार नाही, त्यांचा शोध बसरा स्मारकाच्या नोंदींत घ्यायचा. ईपरच्या भिंतीवरची हिंदुस्थानी नावं बहुतेक पंजाब, सरहद्द आणि आसपासच्या मुलखातली. ऑक्टोबर १९१४ मध्ये हिंदुस्थानी फौजेतल्या पहिल्या पलटणी इथेच खंदकात उतरल्या. १२९ व्या बलुची पलटणीचे खुदादाद खान यांनी ३१ ऑक्टोबरला होलेबेक गावापाशी, बरोबरचे सगळे पडल्यावरही मशीनगन चालू ठेवली. व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यपुरस्कार मिळालेले ते पहिले हिंदी सैनिक. पुढच्या एप्रिलात जर्मनांनी इथे विषारी वायू सोडला आणि २६ एप्रिल १९१५ ला हिंदुस्थानी फौजेच्या लाहोर डिव्हिजनला त्याच मैदानातून चढाईला पाठवलं. नाकातोंडाला ओलं फडकं, एवढंच संरक्षण. भिंतीवरच्या तारखा पाहिल्यात तर ही तारीख पुन्हा पुन्हा दिसेल.

मराठी माणसाचा थेट धागा आहे तो सॅपर्सचा. खडकीच्या 'थर्ड सॅपर्स अँड मायनर्स'च्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या लाहोर डिव्हिजनबरोबर इकडे आल्या होत्या आणि त्यांत मराठे होते. २८ ऑक्टोबर १९१४ ला या दोन कंपन्या आणि ४७ वी शीख पलटण फ्रान्समधल्या नव्ह शापेल गावात शिरल्या. पूल बांधणारे, खंदक खणणारे सॅपर त्या दिवशी संगिनी लावून घराघरांतून लढले. मदत आली नाही, मागे फिरावं लागलं. त्यांचे बहुतेक सगळे ब्रिटिश अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. हा दिवस बाबांना तोंडपाठ होता, कारण खडकीत रिक्रूट असतानाच त्यांना तो शिकवला होता. त्यांनी निवडलेला माणूस याच कंपनीतला, सातारा जिल्ह्यातला, आमच्या शेजारच्या तालुक्यातला एक सॅपर. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याच्या घरच्यांना आम्ही अजून शोधतो आहोत आणि त्यांच्या आधी ते दुसऱ्या कुणी वाचावं असं बाबांना वाटत नाही.

त्याचं नाव ईपरला नाही, नव्ह शापेलला आहे. म्हणून आमची सहल दोन दिवसांची झाली आणि मी तुम्हालाही तसंच सुचवेन: संध्याकाळ ईपरची, दुसरी सकाळ नव्ह शापेलची. आपल्याकडचं कुणीच सापडलं नाही तर ईपरच्या यादीतलं कुठलंही एक नाव घ्या. झेलमच्या काठचा असेल, रावळपिंडीचा असेल. त्याच्यासाठी पुण्याहून कुणी आलं तर बिघडलं कुठे?

निघण्याआधी जमलं तर आणखी एक करा. सातारा, रत्नागिरी, रायगडच्या पुष्कळ गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत इंग्रजांनी बसवलेली शिळा असते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके पुरुष गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढाच इंग्रजी मजकूर. नावं नसतात, नुसते आकडे. आमच्या गावच्या शिळेवर निळ्या ऑइलपेंटचे थर बसले होते, बाबांनी अक्षरं आधी बोटाने चाचपून आणि मग वाचून दाखवली. ती पाहून आलात की ईपरची भिंत वेगळी दिसते.

दिवस आणि गाडी

समारंभ वर्षाचे ३६५ दिवस रात्री आठला होतो. तिकीट नाही, नोंदणी नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आणि सुट्ट्यांत तुफान गर्दी असते. त्या दिवसांत आठला उजेड असतो, जुलैत तर सूर्य दहाच्या सुमाराला मावळतो. हिवाळ्यात अंधार, थंडी आणि थोडी माणसं. मला विचाराल तर ऑक्टोबरातली किंवा मार्चमधली मधल्या वाराची संध्याकाळ निवडा. ११ नोव्हेंबर हा युद्धविरामाचा दिवस. त्या दिवशी सकाळी अकराला मोठा समारंभ असतो, छतातून पॉपीच्या, म्हणजे युद्धस्मृतीची खूण असलेल्या लाल फुलांच्या, पाकळ्या खाली सोडतात, शीख बांधव फेटे बांधून संचलनात येतात. बघण्यासारखं आहे, पण त्यासाठी कित्येक महिने आधी मुक्काम आणि प्रवेशाचं बघावं लागतं. पहिल्याच भेटीला तो दिवस नको.

ब्रसेल्सहून गाडीने साधारण दोन तास लागतात. बहुतेक वेळा कोर्ट्रेकला गाडी बदलावी लागते. तिकीट काढताना एक लक्षात ठेवा. आपण नकाशात पाहिलेलं फ्रेंच नाव 'ईप्र', पण हा डच बोलणारा भाग असल्याने स्टेशनांवर आणि पाट्यांवर 'ईपर' असतं. कोर्ट्रेकचंही तसंच, फ्रेंचमध्ये ते कुर्त्रे. एकच गाव दोन नावांनी समोर आलं की गोंधळ होतो.

परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ निघतानाच रेल्वेच्या ॲपवर बघून ठेवा. समारंभ संपवून गर्दीतून वाट काढत स्टेशनवर पोचेपर्यंत पावणेनऊ होतात आणि पुढे कोर्ट्रेकची जोडगाडीही मिळायला हवी. बरोबर ज्येष्ठ माणसं असतील तर ही धावपळ करूच नका, रात्र ईपरलाच काढा. पॅकेज टूरच्या बस सहसा ब्रसेल्सहून थेट पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमला निघतात, ईपरला वळत नाहीत. त्यामुळे टूरवर असाल तर शेवटी दोन दिवस स्वतःचे जोडून घ्या आणि शेंगेन व्हिसा काढताना ते दिवस त्यात धरा.

दुपारी गावात

समारंभाच्या दिवशी दोन-अडीचपर्यंत पोचा. स्टेशनपासून ग्रोटे मार्क्ट, म्हणजे मुख्य चौक, चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. चौकात मध्ययुगीन लोकरबाजाराची प्रचंड इमारत दिसते. ती पाहून पाचशे-सातशे वर्षं जुनी वाटते, पण युद्धात ती ढिगारा झाली होती. जुन्याबरहुकूम पुन्हा बांधायला १९६७ साल उजाडलं. आत युद्धाचं संग्रहालय आहे. त्याला दोन तास द्या, आधी द्या, समारंभानंतर ते बंद असतं.

मग चारच्या सुमाराला मेनिन गेटवर जा आणि तुमचं नाव शोधा. ही वेळ मुद्दाम सांगते आहे. संध्याकाळी सातनंतर भिंतीसमोर माणसं उभी राहतात आणि मग फलक वाचता येत नाहीत. फलकांवर क्रमांक आहेत. नावं पलटणीनुसार, पलटणीत हुद्द्यानुसार आणि हुद्द्यात अक्षरांच्या क्रमाने. मुख्य दालनाखेरीज दोन्ही बाजूंच्या जिन्यांत आणि वर तटाकडच्या ओवऱ्यांतही नावं आहेत, तिकडे बघायला लोक विसरतात. वरच्या ओळी डोळ्यांनी वाचता येत नाहीत. फोनच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघा किंवा छोटी दुर्बीण न्या. आणि जपून, कारण ही कमान म्हणजे चालू रस्ता आहे. दिवसभर तिच्याखालून मोटारी आणि सायकली जातात. वर बघत मागे सरकताना आमच्या एका पाहुण्यांना सायकलवाल्याने घंटी वाजवून जागं केलं.

आम्ही त्या दिवसासाठी ईपरच्या यादीतला नाईक हुद्द्याचा एक सैनिक शोधला होता. फलक सापडला, पलटण सापडली आणि मग बाबांचं बोट खाली खाली येत एका ओळीवर थांबलं. दगडात कोरलेली अक्षरं तिरप्या उन्हात उठून दिसतात, प्रत्येक अक्षराच्या एका कडेला बारीक सावली असते. बाबांनी ती ओळ मोठ्याने वाचली, हुद्दा आधी आणि नाव नंतर, हजेरी घेतात तशी.

खाण्याचं सहा वाजताच उरकून घ्या. समारंभानंतर साडेआठ-नऊला पुष्कळ स्वयंपाकघरं बंद होतात आणि छोट्या गावात पर्याय राहत नाही. शाकाहारी लोकांनी एक विचारायलाच हवं. बेल्जियममध्ये बटाट्याच्या तळलेल्या काचऱ्या परंपरेने गाईच्या चरबीत तळतात. वनस्पती तेलात तळलेल्या देणारी दुकानंही असतात, पण विचारल्याशिवाय कळत नाही. आई तर घरून ठेपले आणि दशम्या घेऊनच आली होती आणि ते सगळ्यात सोयीचं पडलं. स्वच्छतागृहालाही चौकातच जाऊन या, सुटे युरो जवळ ठेवा. कमानीपाशी सोय नाही.

सात ते आठ

सव्वासातला कमानीखाली पोचा, उन्हाळ्यात सातलाच. साडेसातच्या सुमाराला पोलिस रस्ता बंद करतात. लोक दोन्ही बाजूंच्या फुटपाथवर उभे राहतात, मधला रस्ता मोकळा असतो. मधोमध कुठेतरी पहिल्या रांगेत जागा धरा. लहान मुलं पुढे उभी करा, मागचे लोक आनंदाने वाट देतात. बसायला काही नाही, म्हणजे ज्येष्ठांना तासभर उभं राहायचं आहे. आम्ही बाबांसाठी घडीचं स्टूल नेलं होतं. त्यांनी ते साडेसातपर्यंत वापरलं आणि मग मिटून माझ्या हातात दिलं. व्हीलचेअर असेल तर आणखी लवकर येऊन तिथल्या स्वयंसेवकांना सांगा.

पाऊस असला तरी छत आहे, छत्री उघडावी लागत नाही. पण वारा कमानीतून बोगद्यासारखा शिरतो. जूनमध्येही अंगावर जाकीट हवं.

कपडे साधे, नीटनेटके. काळंच हवं असं नाही. लष्करातून निवृत्त झालेल्यांनी आपली पदकं छातीवर डाव्या बाजूला लावावीत. वडिलांची किंवा आजोबांची पदकं घरात असतील तर तीही लावता येतात, फक्त उजव्या बाजूला. ही तिथली रीत आहे आणि उजव्या बाजूची पदकं पाहून लोक आपणहून येऊन विचारपूस करतात.

आठ वाजता

आठला काही मिनिटं असताना कुजबुज आपोआप थांबते. बिगुलर रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहतात आणि ठोक्याला 'लास्ट पोस्ट' सुरू होते. ही धून मुळात छावणीतल्या दिवसाची अखेर सांगणारी. आपल्याकडे लष्करी अंत्यसंस्काराला 'शोक शस्त्र'नंतर वाजते तीच. त्या दगडी छताखाली ती नुसती ऐकू येत नाही, छातीत जाणवते.

नंतर एका इंग्रजी कवितेचं एक कडवं कुणीतरी म्हणतं. त्याची शेवटची ओळ, आम्ही त्यांची आठवण ठेवू अशा अर्थाची, जमलेल्या सगळ्यांनी परत म्हणायची असते. ती ओळ माहीत नसेल तर गप्प राहिलं तरी चालतं. मग एक मिनिट शांतता. त्यानंतर पुष्पचक्रं वाहिली जातात. एखाद्या दिवशी वाद्यवृंद किंवा गायकवृंद असतो, एखाद्या दिवशी नसतो. शेवटी पहाटेची जागं करणारी धून वाजते आणि संपतं. साध्या दिवशी सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं, पुष्पचक्रं जास्त असतील तर अर्धा तास.

टाळ्या वाजवायच्या नाहीत. आपल्याला सवय असते, चांगलं वाजवलं की हात आपोआप वर जातात, म्हणून बरोबरच्यांना आधीच सांगून ठेवा. घोषणाही नकोत. 'भारत माता की जय' मनात कितीही दाटून आली तरी इथे निरनिराळ्या देशांची माणसं शेजारी शेजारी कोरलेली आहेत, आणि हिंदुस्थानी नावांतली बरीचशी आजच्या पाकिस्तानातल्या गावांची. डोक्यावर गणवेशाची टोपी नसताना सॅल्यूट करायचा नाही हे फौजी माणसाला सांगावं लागत नाही, बाकीच्यांनी नुसतं सरळ उभं राहावं. टोपी घातली असेल तर काढावी, पगडी-फेट्याला हा नियम नाही. फोटो काढायला बंदी नाही. फ्लॅश बंद, आवाज बंद. पण एक विनंती करते, बिगुल वाजत असताना फोन खिशात ठेवा. तुमचा नाईक, तुमचा शिपाई ज्या फलकावर आहे तिकडे तोंड करून उभे राहा. एवढ्यासाठीच आधी नाव शोधायचं.

पुष्पचक्र वाहायचं असेल तर

हे कुणालाही करता येतं आणि आपल्यातल्या फार थोड्यांना ते माहीत आहे. 'लास्ट पोस्ट असोसिएशन' हा समारंभ चालवते. तिच्या वेबसाइटवर अर्ज भरायचा: तारीख, किती माणसं, कुणाच्या स्मरणार्थ. निदान दोन महिने आधी भरा, उन्हाळ्यासाठी त्याहून आधी. पैसे लागत नाहीत, पुष्पचक्र मात्र आपलं आपण आणायचं. गावात कागदी पॉपीची चक्रं मिळतात. आम्ही फुलवाल्याकडून साधं ताज्या फुलांचं करून घेतलं आणि आईने घरून आणलेल्या सुकवलेल्या झेंडूची माळ त्यात गुंफली. सोबत एक छोटं कार्ड लावतात. कार्डावर बाबांनी देवनागरीत लिहिलं, खाली इंग्रजीत. पाऊस-वाऱ्यात शाई पसरू नये म्हणून पेन्सिलीने लिहा किंवा वर प्लॅस्टिक लावा.

त्या दिवशी पाऊण तास आधी जाऊन स्वयंसेवकांना भेटायचं. ते क्रम आणि जागा समजावतात. खूण झाली की एकेक करून पुढे जायचं, चक्र ठेवायचं, एक पाऊल मागे यायचं, क्षणभर थांबायचं आणि परत फिरायचं. नमस्कार करावासा वाटला तर हात जोडावेत, कुणाला काही वाटत नाही. उदबत्ती, निरांजन पेटवू नका, नारळ फोडू नका. चालायची घाई करू नका. बाबा लष्करी चालीने गेले, आई तिच्या चालीने गेली, दोन्ही शोभलं.

समारंभ संपल्यावर लगेच पांगू नका. गर्दी ओसरली की जिन्याने वर तटावर जा. कमानीला लागूनच तिथल्या हिरवळीवर हिंदुस्थानी सैनिकांचं स्मारक आहे. दिवसा आलेले लोक त्याच्या बाजूने निघून जातात. रात्री नऊला आम्ही तिघंच होतो, खाली खंदकाचं पाणी आणि मागे दिव्यांत उजळलेली कमान.

दुसऱ्या दिवशी नव्ह शापेल

हे गाव सीमेपलीकडे फ्रान्समध्ये आहे, ईपरहून मोटारीने पाऊण ते एक तास. गाडी भाड्याने घ्या, बस-रेल्वेने जाण्यात दिवस जातो. स्मारक गावाबाहेर चौरस्त्यावर आहे, समोरच्या बाजूला पोर्तुगीज सैनिकांची दफनभूमी आहे, ती खूण धरा.

हर्बर्ट बेकर यांनी आखलेलं हे गोल आवार आहे. भिंतीच्या एका भागावर नावं, दुसऱ्या भागाला आपल्याकडच्यासारखी दगडी जाळी, मध्ये सुमारे १५ मीटर उंचीचा कमळशीर्षाचा खांब आणि पायथ्याशी दोन वाघ. ७ ऑक्टोबर १९२७ ला याचं अनावरण झालं. खांबावर देव एक आहे, विजय त्याचाच आहे, अशा अर्थाचा मजकूर इंग्रजी, अरबी, हिंदी आणि गुरुमुखीत आहे. परदेशातल्या शेताडीत, बटाट्याच्या आणि बिटाच्या वावरांत, देवनागरी अक्षर असं अचानक समोर येतं तेव्हा पाय थांबतात. इथे ४,७०० हून अधिक नावं आहेत. १० मार्च १९१५ ला इथल्या हल्ल्यात पडलेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले गढवाल रायफल्सचे गबर सिंह नेगी त्यांतलेच.

इथे बिगुल नाही, स्वयंसेवक नाही, बहुतेक वेळा दुसरं माणूसही नसतं. समारंभ तुम्हालाच करायचा आहे. आम्ही असा केला: फलक शोधला, बाबांनी हुद्दा, नंबर आणि नाव वाचलं, एक मिनिट उभे राहिलो, आईने फुलं ठेवली. बाबांनी फोनवर 'लास्ट पोस्ट' लावायचं ठरवलं होतं, तिथे गेल्यावर नको म्हणाले. भिंतीला हात लावा, पण अक्षरांवर रंग, कुंकू, खडू काही लावू नका. दगड झिजतो.

निघताना तीन फोटो नीट काढा: पूर्ण फलक, त्यावरची पलटणीची पाटी आणि तुमच्या नावाची ओळ जवळून. त्यांच्याबरोबर कमिशनच्या वेबसाइटवरची नोंद छापून ठेवा, म्हणजे कुणाला पाठवायची झाली तर नंबर, तारीख आणि फलक एका ठिकाणी राहतो. गाव माहीत असेल तर ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर पाठवा, आणि पत्र मराठीत, हाताने लिहा. बाबांनी तसं लिहून पाकीट तयार केलं आहे. पोस्टाने पाठवायला ते तयार नाहीत. दिवाळीत गावी गेल्यावर शेजारच्या तालुक्यात जाऊन स्वतः देणार आहेत, आणि आडनाव नसल्यामुळे आधी चावडीवर विचारणार आहेत.